तात्यांचा एक्सल

आमच्या घरात पंगतीला 'एक्सल' हा शब्द काढायचा नाही, असा एक अलिखित नियम होता. लहानपणी मला तो शिवीच वाटायचा. पुढे कळलं की ते गाडीच्या एका भागाचं नाव आहे आणि त्यावरून आमच्या घरात दोन माणसं सतरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

हकीकत थोडक्यात अशी. आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, एक मिलिटरी डिस्पोजलमधली जीप होती. राधानगरीच्या धरणाचं शेवटचं काम चालू असताना आबा तिथं लहानसहान मालाची ने-आण करायचे, ती या जीपमधून. पुढे ती बंद पडली आणि गोठ्याशेजारच्या पडवीत उभी राहिली. १९७४ साली तात्यांनी, माझ्या मधल्या चुलत्यांनी, आबा पंढरपूरला गेलेले बघून तिचा मागचा एक्सल चाकांसकट काढला आणि उसाच्या बैलगाडीला लावला. आबा परत आले तर जीपचं मागचं अंग दगडांवर टेकलेलं. त्या दिवसापासून ते तात्यांशी बोलले नाहीत. १९९१ ला गेले, तोवर नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मी आणि दादाने (चुलतभाऊ, तात्यांचा थोरला) ती जीप चालू करायची असं ठरवलं. इंजिनाचं काम दादाचं, चाकांचं माझं. म्हणजे हब आणि बेअरिंग. मला त्यातलं काही येत नव्हतं, म्हणून वाचायला लागलो आणि वाचता वाचता भलताच लांब गेलो. ते इथे मांडतोय. मंडळी, मधला भाग जरा तांत्रिक आहे, पण घरच्या लोकांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. विशेषतः ठाण्याच्या आत्याने.

सुरुवात बैलगाडीपासूनच करावी लागेल. जुन्या गाडीचं चाक आठवून बघा. बाहेर लोखंडी धाव, मग लाकडी पुठ्ठे, आत आरे, आणि सगळे आरे जिथे येऊन रुततात तो मधला गोल ठोकळा म्हणजे तुंबा. तुंब्याच्या पोटात लोखंडी नळी, तिच्यातून गाडीचा आख जाणार, आणि चाक निसटू नये म्हणून शेवटी खीळ. आख स्थिर, तुंबा त्याच्याभोवती फिरतो. लोखंडावर लोखंड घासतं. मध्ये काय, तर वंगण. एरंडेलात काजळी कालवलेलं ते काळं वंगण बांबूच्या नळकांड्यात भरून गाडीखाली लोंबत असायचं, माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. वंगण संपलं की गाडी कुरकुरायची आणि बैलांच्या तोंडाला फेस यायचा.

आमच्या भागाचा सगळा इतिहास या तुंब्यांवरून वाहून आणलेला आहे. भोगावतीवर धरण बांधायचा संकल्प शाहू महाराजांचा. राधानगरी हे नावही त्यांच्या मुलीचं, राधाबाई अक्कासाहेबांचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काम सुरू झालं, पैशापायी रखडलं आणि पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडलं. आज लोक सात स्वयंचलित दरवाजे उघडलेले बघायला पावसाळ्यात गर्दी करतात. पण आबांचे वडील त्या दरवाज्यांचं काही सांगत नसत. ते सांगायचे दगडाच्या गाड्यांचं. चढाला बैल गुडघ्यावर यायचे म्हणे. खुद्द महाराज ज्या दणकट घोडागाडीतून हिंडायचे तिचं नाव 'खडखडा'. नावातच चाकांचा आवाज आहे.

तर प्रश्न असा की घासण्याऐवजी घरंगळता आलं तर? जड ओंडका ओढण्यापेक्षा खाली गोल लाकडं टाकून ढकलणं सोपं, हे माणसाला हजारो वर्षं माहीत होतं. तेच चाकाच्या पोटात, आख आणि तुंबा यांच्या मध्ये, बसवायचं होतं. वेल्समधल्या कारमार्दन गावच्या फिलिप वॉन नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराने १७९४ साली त्याचं पेटंट घेतलं. घोडागाडीच्या आखावर खाच आणि खाचेत लोखंडी गोळ्या. कल्पना बरोबर होती, पण एकसारख्या गोल गोळ्या करणार कोण? एखादी गोळी केसभर मोठी असली की सगळा भार तिच्यावर येतो आणि ती फुटते. त्यामुळे ती कल्पना पाऊणशे वर्षं तशीच पडून राहिली.

तिला बाहेर काढलं सायकलने. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे या सायकल मेकॅनिकने १८६९ साली बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षीच्या पॅरिस ते रूआँ शर्यतीत पहिला आलेल्या जेम्स मूरच्या सायकलला असंच बेअरिंग होतं. मग १८८३ मध्ये जर्मनीत श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशरने पोलादी गोळ्या घासून एकसारख्या गोल करणारं यंत्र बनवलं. आपल्या हाताला लागणारी प्रत्येक बेअरिंगची गोळी एका अर्थाने त्या यंत्राची नात-पणती आहे.

पण गोळीला एक मर्यादा आहे. ती वरून येणारं वजन पेलते, बाजूने आलेला रेटा तिला तितकासा सोसत नाही. आणि गाडी वळणावर असली की चाकाला बाजूने रेटा बसतोच. ही अडचण ज्याने सोडवली तो मोटारवाला नव्हता, घोडागाड्या बनवणारा होता. अमेरिकेतल्या सेंट लुईसचा हेन्री टिमकेन. १८९८ साली त्याला निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट मिळालं. यात गोळ्यांऐवजी एका बाजूला जरा बारीक असे पोलादी रोलर असतात आणि ते तिरके बसवलेले असतात. त्यामुळे वरचं वजन आणि बाजूचा रेटा दोन्ही एकाच वेळी पेलले जातात. एका चाकात अशी दोन बेअरिंग एकमेकांच्या उलट तोंडाने बसवली की चाक कुठल्याच बाजूला सरकत नाही.

टिमकेनबद्दल एक किस्सा सांगतात. त्याची एक मालगाडी रस्त्याने चालली होती, माल भरपूर आणि ओढायला दोन लहानशी खेचरं. जनावरांना क्रूरपणे वागवतो म्हणून पोलिसांनी गाडीवानाला पकडलं. तेव्हा बेअरिंगमुळे खेचरांना ते ओझं जड जात नाही, हे दाखवून सुटका करून घ्यावी लागली. खरं-खोटं टिमकेन जाणे. पण हा किस्सा वाचला तेव्हा मला पहिल्यांदा तात्यांची आठवण झाली, आणि मी वाचायचं थांबून जरा वेळ नुसता बसलो.

मोटारींना हे सगळं तयार मिळालं. कोल्हापूरकरांना जुनी मोटार म्हटलं की आठवते ती राजाराम महाराजांची मेबॅक, १९३६ सालची. दसऱ्याला सोनं लुटायच्या वेळी छत्रपती घराण्यातली मंडळी अजूनही तिच्यातून दसरा चौकात येतात. लहानपणी आम्ही पुढे घुसून तिच्या चाकांकडे बघायचो, कारण गर्दीतून आम्हाला तेवढंच दिसायचं. मेबॅक कंपनीने १९२१ ते १९४० एवढ्याच काळात त्या जुन्या गाड्या बनवल्या, नंतर युद्ध आलं.

युद्धात मोटारीपेक्षाही बेअरिंग महत्त्वाचं ठरलं. विमान, रणगाडा, तोफ, काहीही फिरायचं म्हटलं की बेअरिंग लागतं, आणि जर्मनीची बरीचशी बेअरिंग होत होती त्याच फिशरच्या श्वाइनफुर्टमध्ये. १४ ऑक्टोबर १९४३ ला अमेरिकेने त्या गावावर दुसरा मोठा हवाई हल्ला केला. एका दिवसात ६० बॉम्बर विमानं पडली, प्रत्येकात दहा माणसं. एवढ्याशा पोलादी गोळ्यांसाठी!

त्याच वर्षांत तिकडे अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्या मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवत होत्या. युद्ध संपलं आणि त्यातल्या हिंदुस्थानात राहिलेल्या गाड्या डिस्पोजलमध्ये निघाल्या. १९४७ नंतर महिंद्रांनी मुंबईत विलिसच्या जीप जुळवायला सुरुवात केली, पण आमच्या आबांची आधीची, खरी युद्धातली. आणि इथेच आमच्या घरच्या भांडणाचं मूळ आहे.

युद्धातल्या जीपच्या मागच्या एक्सलची रचना अशी असते की गाडीचं वजन बाहेरची लोखंडी नळी पेलते. हब त्या नळीच्या टोकावर दोन निमुळत्या बेअरिंगांवर फिरतो. नळीच्या आतला दांडा फक्त चाक फिरवतो, वजनाशी त्याचा संबंध नाही. हबवरचे सहा बोल्ट काढले की तो दांडा म्यानातून तलवार काढावी तसा बाहेर येतो आणि चाक जागच्या जागी मोकळं फिरत राहतं. युद्धानंतरच्या साध्या जीपमध्ये तसं नव्हतं, तिथे मागचं चाक दांड्यावरच बसवलेलं असे.

म्हणजे दोन दांडे ओढून काढले की आबांच्या जीपचा एक्सल हा बैलगाडीसाठी आयता आख होता. टिमकेनची चार बेअरिंग, दोन हब, दोन रबरी टायरची चाकं. पाचवी शिकलेल्या तात्यांनी हे नुसतं बघून ओळखलं होतं. मला ते कळायला पुस्तकं लागली.

त्या काळात नवं बेअरिंग घेणं आमच्यासारख्यांना सोपं नव्हतं. देशातला बेअरिंगचा पहिला कारखाना जयपूरला, १९४६ सालचा. एसकेएफचा चिंचवडचा कारखाना साठच्या दशकातला. टायरची गाडी गावात एखाद-दुसऱ्याकडेच असायची, बाकी सगळे लोखंडी धावेवर. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी पुढे बैलगाडी सुधारावी म्हणून जन्मभर खटपट केली. चाकाला बेअरिंग असावं, रबरी टायर असावा, बैलाच्या मानेवरचं ओझं कमी व्हावं, हे ते सांगत राहिले. तात्यांनी रामस्वामींचं नाव ऐकलेलं असायची सुतराम शक्यता नाही. त्यांना एवढंच दिसत होतं की ऊस परित्याच्या भोगावती कारखान्यावर घालायचाय, बैलांची एकच जोडी आहे आणि त्यातला एक म्हातारा झालाय.

त्या गाडीवर तात्यांनी पंधरा गळीत हंगाम ऊस ओढला. आपला आणि भाड्याने दुसऱ्यांचाही. धाकट्या काकांची पॉलिटेक्निकची फी, ठाण्याच्या आत्याचं लग्न, माझ्या वडिलांनी कोल्हापुरात घेतलेल्या जागेचा पहिला हप्ता, हे सगळं त्या चार बेअरिंगांवरून गेलं. हिशोबाची वही दादाकडे आहे, कुणाला बघायची असेल तर बघा. घरात मात्र गोष्ट एवढीच सांगितली गेली की तात्यांनी आबांची जीप मोडली आणि आतले दांडे भंगारात विकून खाल्ले.

आता कामाकडे येतो. बैलगाडीचं लाकूड केव्हाच कुजलं होतं. एक्सल तात्यांच्या परड्यात शेवग्याखाली पडला होता. आम्ही तो उचलून आणला, हब काढले, रॉकेलने धुतले. बेअरिंगचे दोन भाग असतात. बाहेरची कडी, जिला मेकॅनिक लोक 'कप' म्हणतात, ती हबमध्ये ठोकून घट्ट बसवलेली असते. आतला रोलरवाला भाग म्हणजे 'कोन', तो एक्सलवर बसतो. चारही कोन गेलेले होते, रोलरवर गंजाचे खड्डे. ते अपेक्षितच होतं, बेअरिंग ही बदलायचीच वस्तू. पण डाव्या हबमधला एक कप बोटाने फिरत होता. म्हणजे कप सैल होऊन हबचं भोकच झिजलेलं. नवं बेअरिंग बाजारात मिळतं, हब मिळत नाही.

कुणीतरी सुचवलं, भोकात पंचने खुणा मारा, कप घट्ट होईल. तो हब आम्ही कोल्हापुरात उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे नेला, तर त्याने हा उपाय ऐकून हात जोडले. म्हणाला, "पाव्हणं, ते जत्रेपुरतं." मग त्याने भोक थोडं मोठं करून आत पोलादी बुश दाबून बसवला आणि पुन्हा मापाला कापला. काम बघत मी दोन तास उभा होतो. हब म्हणजे मोटारीचा तुंबाच हे मला तिथं पटलं. सुतारही झिजलेल्या तुंब्यात नवी नळी बसवायचा.

कप बसवताना एक गंमत शिकलो. कडेकडेने फिरवत हलके ठोके घालायचे. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ होता तो भरीव होतो. मग ग्रीस तळहातावर घेऊन कोनच्या रोलरमध्ये दाबून भरायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. आतलं बेअरिंग, ऑइल सील, हब, बाहेरचं बेअरिंग, नट, पत्र्याचा लॉक वॉशर, वर चेकनट, आणि शेवटी वॉशरची कड नटावर वाकवायची. सगळं पुस्तकाबरहुकूम केलं.

राहिले ते दोन दांडे. ते नसतील तर इंजिन चालू होऊन उपयोग काय? मी मुंबईतल्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात फोनाफोनी सुरू केली होती. तात्या खाटेवर बसून ऐकत होते. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं असं आम्ही समजतो. मध्येच दादाला म्हणाले, "माळ्यावर बघ. कुळवाच्या मागं."

माळ्यावर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. पोतं सोडलं तर आत मेणकापड, त्याच्या आत ग्रीसमध्ये लडबडलेले दोन्ही दांडे. शेजारी त्यांचे बारा बोल्ट, तारेत ओवलेले. कुठेही गंजाचा ठिपका नाही. पन्नास वर्षं!

"तात्या, हे तुम्ही ठेवलं होतं?"

"मग काय फेकायचं? परत घालायचंच हुतं की. ऊस झाला की घालू म्हटलं."

"आबांना सांगितलं का नाही?"

"इचारलं न्हाई त्यांनी."

यावर काय बोलणार? आम्ही दांडे पुसले आणि घातले. सरळ आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच जीप घेऊन दाजीपूरच्या रस्त्याला लागलो. हाच रस्ता पुढे फोंडा घाटातून कोकणात उतरतो. धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसत होतं, मी खुशीत होतो. दहा-बारा किलोमीटरवर जळका वास आला. उतरून मागच्या डाव्या हबला हात लावला तर चटका बसला. ग्रीस वितळून ड्रमवरून ओघळत होतं. चूक सर्वस्वी माझी. चाक हलू नये म्हणून मी नट जीव खाऊन आवळला होता. गार होईपर्यंत थांबलो आणि हळूहळू परत आलो.

तात्यांनी अंगणात हबवर हात ठेवला. "लई आवळलंस," एवढंच म्हणाले. मग दोन ठोकळ्यांवर चाक उचलायला लावलं, नट सोडायला लावला आणि माझ्या हाताला धरून शिकवलं. एका हाताने चाक फिरवत राहायचं, दुसऱ्या हाताने नट आवळायचा. चाक जड झालं की थांबायचं आणि नट सहावा हिस्सा मागे घ्यायचा. मग चाकाला वर-खाली धरून हलवायचं. खडखड नको, अडकणंही नको. विलिसच्या पुस्तकातही सहावा हिस्साच दिलेला आहे, ते मी वाचलेलं होतं. पण चाक जड होणं म्हणजे किती जड, हे पुस्तकात लिहिता येत नाही. तात्यांना ते पंधरा हंगामांत हाताला कळलेलं.

बेअरिंगचा एक कोन निळा पडला होता, तो बदलला. पुढच्या रविवारी तात्यांना शेजारी बसवून धरणापर्यंत गेलो. उतरल्यावर त्यांनी पहिल्यांदा चारही हबना हात लावून बघितला. कोमट होते. मग म्हणाले, "आबांनी बघायला पायजे हुतं." आम्ही थोडा वेळ पाण्याकडे बघत उभे राहिलो आणि परत आलो.

तर घरच्या मंडळींनो, एक्सल मोडला नव्हता, विकला नव्हता. उसना घेतला होता, आणि आता परत बसवला आहे. यापुढे पंगतीत तो शब्द काढायला हरकत नसावी. पुढच्या दसऱ्याला सगळे गावी या, तात्या वाट बघताहेत. जीपमध्ये मागे चौघं बसतात, दाटीवाटीने सहा.